बाळकाकांची आरोळी

शिकागोच्या आमच्या मराठी गोतावळ्यात बाळकाका कर्णिकांइतका चुळबुळ्या माणूस दुसरा नव्हता. जेवायला बसले तरी टेबलाखाली एक पाय ठेका धरून असायचा. गणपतीच्या मिरवणुकीत लेझीमवाले दमले की हे मागून ओरडणार, "होऊन जाऊ द्याऽऽ!" पेशाने मशीनची ड्रॉइंग्ज काढणारे. एका जागी बसायचं ते काम त्यांना कसं जमलं, देव जाणे.

अमेरिकेत यायच्या आधी ते बर्मिंगहॅमला होते. तिथे त्यांना ब्रास मॅग्पाइज नावाच्या बँडचं वेड लागलं. वीतभर टाचांचे बूट, गालांवर चमकी, झगमगीत झगे घातलेले चार दांडगे गडी आणि पाय आपटत म्हणायची गाणी. इंग्लंडात त्यांची गाणी ओळीने पहिल्या नंबरावर गेली, अमेरिकेत त्यांना कुत्रंही विचारत नव्हतं. त्यांच्या एका कार्यक्रमाची रेकॉर्ड निघाली होती. तिच्या शेवटच्या गाण्यात बाल्कनीतून येणारी आरोळी आपली आहे, असं काका सांगायचे. आम्ही म्हणायचो, "हो का?" आणि भजी पुढे करायचो.

चौऱ्याऐंशी साली कॅलिफोर्नियाच्या कुठल्याशा पोरांनी केस पिंजारून तेच गाणं पुन्हा म्हटलं आणि ते दिवसभर टीव्हीवर वाजू लागलं. काकांच्या सीमाला ते तोंडपाठ.

"अगं, हे आमचं गाणं!" काका म्हणाले. "माझा आवाज आहे त्यात."

"बाबा, प्लीज! यू ऑलवेज मेक थिंग्ज अप," ती मैत्रिणींसमोर म्हणाली.

हे मात्र त्यांना लागलं. जग हसो, पण पोटच्या पोरीने थापाड्या समजावं? रेकॉर्ड बर्मिंगहॅमलाच राहिलेली, पण तिची कॅसेट केली होती. ती शोधायला त्यांनी बेसमेंट उलटंपालटं केलं. शेवटी त्यांची बायको वसुधा चाचरत म्हणाली, "अहो, ती मी सांगलीला आईंना पाठवली होती."

तेव्हा आम्ही सगळे कॅसेटवर बोलून ती गावी पाठवायचो. तिकडची माणसं तिच्यावरच उत्तर बोलून ती परत धाडायची. कोरी नसली की हाताला लागेल ती घ्यायची. वसुधाने नेमकी ही घेतली. काकांच्या आईचं उत्तर आलं, पण त्या गेल्याची तार येऊन गेल्यावर. ते पाकीट काकांनी फोडलंच नाही. देवघराच्या खणात ठेवून दिलं.

आता ते त्या खणाभोवती घिरट्या घालू लागले. लेकीपुढे खोटं ठरणं सोसवत नव्हतं आणि आईला ऐकायची छाती होत नव्हती.

एका शनिवारी आम्ही डेव्हन ॲव्हेन्यूला भाजीला निघालो. काका गाडी चालवत होते, शेजारी सीमा, मागे वसुधा आणि मी. पार्किंग मिळेना. गोल गोल फिरून काका वैतागले होते. सिग्नलला थांबल्यावर त्यांनी कोटातून ते पाकीट काढून सीमाच्या मांडीवर टाकलं. "लाव ही."

तिने पाकीट फोडून कॅसेट गाडीच्या टेपात घातली. काकांच्या आईंचा आवाज आला. सावकाश, मधे खोकला. वसुधाची कंबर कशी आहे, सीमा वरणभात खाते का. मग म्हणाल्या, "बाळ, सांगायचं पुष्कळ आहे रे. पण पुढे तुझं ते धांगडधिंग्याचं गाणं आहे. त्यात तू ओरडतोस ना, ते मी रोज ऐकते. मी बोलत राहिले तर पुसून जाईल म्हणतात. म्हणून थांबते."

खट्कन आवाज झाला. लगेच पायांचा दणदणाट, आणि त्या गर्दीच्या वरून एक तरणा आवाज, "होऊन जाऊ द्याऽऽ!"

"बाबा," सीमा म्हणाली, "दॅट्स यू. दॅट्स रिअली यू!"

काकांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. सिग्नल हिरवा झाला होता, मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. त्यांनी हात पुढे करून गाणं बंद केलं.

"बोलायचं होतंस ना, आई," ते टेपला म्हणाले. "पुसायचं होतंस मला."