भुईचाफ्याचा कोपरा

गिरगावात आमच्या लाकडी घरामागे एक अरुंद बोळ होता. शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाच्या भिंतीमुळे तिथे ऊन उतरतच नसे. प्लेग येण्याच्या आधीची ही गोष्ट. अंगणातली उन्हाची जागा वडिलांच्या पूजेच्या फुलांना आणि हा बोळ आत्याला, असा आमच्या घरचा न्याय!

आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. ऐन तारुण्यात विधवा होऊन, डोक्यावर तांबड्या आलवणाचा पदर घेऊन माहेरी परतलेली. मोगऱ्याला पाणी तीच घाली, गजरेही तीच करी; माळायचे मात्र आईने आणि मी. मला तेव्हाही याचा राग येई.

शेजारणीने तिला भुईचाफ्याचे कंद दिले, अगदी लहान जातीचे. "पावसात लाव बाय, आन् पानं गेली तर रडू नको," ती म्हणाली. पानं तळहाताएवढीच, वरून चंदेरी झाक, पोटाशी जांभळी. थंडीत ती पिवळी पडून नाहीशी झाली. तरी आत्या रोज त्या उघड्या मातीशी जाऊन बसे.

उन्हाळ्यात वडिलांनी बोळात फरशी घालायचं काढलं. गवंडी कामाला लागला, तशी कधी काही न मागणारी आत्या पुढे आली.

"दादा, एवढा कोपरा सोड. तिथे माझं झाड आहे."

"कुठे आहे?" वडिलांनी मातीकडे पाहिलं. आई पदराआड हसली. आत्याचा चेहरा पडला, पण ती जागची हलली नाही. शेवटी कपाळाला आठ्या घालत वडिलांनी एका फरशीची जागा सोडायला लावली. आईला थट्टेला विषय मिळाला.

मग एका सकाळी तिथे पान नाही, देठ नाही, मातीतूनच एक पांढरं-जांभळं फूल वर आलं. आत्या त्याच्याकडे नुसती बघत बसली होती. एवढ्यात वडील परडी घेऊन आले. घरात उमललेलं फूल देवाचं, हा त्यांचा नेम. त्यांनी हात पुढे केला. आत्या मुकाट्याने बाजूला झाली.

वडिलांनी तिच्याकडे पाहिलं. मग ते खाली वाकले आणि त्यांनी चक्क ते फूल हुंगलं! मी बघतच राहिले. हुंगलेलं फूल देवाला चालत नाही, म्हणून फुलं काढताना ते नाक दुसरीकडे वळवत.

"हुंगलं गेलं गं," ते म्हणाले. "आता देवाला चालायचं नाही. तुलाच राहू दे."

ते गेल्यावर आत्याने मातीला गाल टेकला आणि डोळे मिटून पोटभर वास घेतला.