साऱ्या डेऱ्याची मच्छरदाणी

डासांचा जितका विचार माझ्या मामेसासऱ्यांनी केला, तितका खुद्द डासांनीही स्वतःबद्दल कधी केला नसेल. माणसं पोराबाळांचा विचार करतात, पिकापाण्याचा करतात, कोणी कोणी शेजाऱ्याच्या धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा करतात. आमच्या मामाजींच्या डोक्यात मात्र एक बारीक गुणगुण सदोदित चालू असायची आणि तिच्याच सुरावर ते सगळं जग ऐकायचे. नोकरी हिवताप खात्यात. सायकल, खाकी पिशवी, पिशवीत काचेच्या पट्ट्या आणि कडू गोळ्यांचा डबा. गावोगाव फिरायचं, कोणाला ताप आला का विचारायचं, बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा आणि गोळ्या द्यायच्या, एवढंच खात्याचं काम. पण खात्याला काय माहीत, की या माणसाला ‘जयभीम’सुद्धा नुसतं म्हणता येत नाही! “जयभीम. ताप कोणाले?” असा त्यांचा एका दमातला नमस्कार होता. लग्नघरी तोच, मयतीच्या घरी तोच. “कोणालेच नाई, मामाजी,” असं सांगितलं की आधी त्यांचा चेहरा पडायचा आणि मग त्यावर संशय उमटायचा. “नाई कसा? नीट इचारलं काय घरात?”

माझी आणि त्यांची पहिली भेट माझ्याच लग्नात झाली. सासरच्या गावी, आसेगावला, शाळेपुढच्या मांडवात, दिवेलागणीची वेळ. आम्ही दोघं पांढऱ्या कपड्यांत हात जोडून उभे. मी अकोल्याची, मॅट्रिक झालेली, आणि त्या क्षणी आपण किती शांत, किती गंभीर दिसत असू याच विचारात पार बुडालेली. पंचशील सुरू झालं. जीवहत्या करणार नाही, हे पहिलंच शील सगळा मांडव एका सुरात म्हणत होता, आणि तेवढ्यात नवरदेवाच्या मानेवर फाट्‌कन् आवाज झाला. मागे मामाजी तळहात उघडून उजेडाकडे धरून बघत होते. भन्तेजी थांबले. मांडव थांबला. मामाजींनी खाली मान घालून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “भन्ते, तिरपी बसली व्हती. हिवतापवाली मादीच तिरपी बसते.” भन्तेजींनी डोळे मिटले आणि पुन्हा पहिल्या शीलापासून सुरुवात केली. म्हणून आमच्या यजमानांनी जीवहत्या न करण्याची शपथ दोनदा घेतलेली आहे आणि घरातलं झुरळ आजही मलाच मारावं लागतं.

रांजण उपडे करणं हा त्यांचा दुसरा छंद. आठवड्यातून एक दिवस घरातलं सगळं पाणी ओतून भांडी कोरडी करा, असा त्यांचा हुकूम होता. त्यांची सायकल गल्लीत दिसली की बाया पोरं सोडून रांजणाला मिठी मारायच्या. तिसरा छंद गप्पी माशांचा. हे बोटभर मासे डासांच्या अळ्या खातात, म्हणून मामाजी पितळी डब्यात ते घेऊन या विहिरीतून त्या विहिरीत बदल्या करत हिंडायचे. एकदा शिरपूरच्या बसमध्ये कंडक्टरनं विचारलं, “बाबा, डब्यात काय हाय?” मामाजी म्हणाले, “स्टाफ.” “म्हंजे?” “सरकारी कर्मचारी हायत. रिठदले बदली झाली त्याईची. तिकीट नाई लागत.” कंडक्टरनं झाकण उघडून बघितलं आणि म्हणाला, “साहेब, स्टाफ लय बारीक झाला हो तुमचा. पगार भेटत नाई काय?”

हे सगळं सांगताना आज मी हसते, पण तेव्हाची मी काही हसण्याच्या लायकीची नव्हते. माझ्यावरच हसावं अशी होते. माहेराहून मी एक मच्छरदाणी आणली होती. पांढरीशुभ्र, गुलाबी झालरीची, झालरीवर माझ्या हातचे पोपट. (ते पोपट आहेत हे मला सांगावं लागायचं, ती गोष्ट वेगळी.) डास रात्री चावतात, पण मी ती दुपारी लावायची. आत शिरायचं, केस उशीवर पसरायचे आणि सुंदर दिसत आजारी पडण्याचा सराव करायचा. हलकासा ताप, मिटलेले डोळे, शाळेतून धावत आलेला मास्तर नवरा... सगळं मनात ठरलेलं. नवरा यायचा तो “चहा ठेवला काय?” म्हणत. एका दुपारी मामाजींनी मला अशी निजलेली पाहिली आणि झालर वर करून कपाळाला हात लावला, थेट माझ्या पापणीखालीही बघितलं. “ताप नाई,” ते निराश होऊन म्हणाले. “मंग दिवसा कायले झोपली, सूनबाई?”

त्या काळात एक गोष्ट मामाजींना फार लागली होती. हिवताप संपला, असं त्यांच्याच खात्यानं सगळीकडे सांगितलं होतं आणि मामाजींनी ते तालुकाभर मिरवलं होतं. आणि तो परत आला. पाहुण्यासारखा नाही, घरच्यासारखा आला. मामाजींना तो आपला खासगी अपमान वाटला. आणि त्याचा माग काढत काढत ते पोचले जंगलातल्या डेऱ्यावर.

आमच्या गावापलीकडे सागाचं जंगल होतं. दिवाळी झाली की जंगलखातं त्यातला एक पट्टा तोडीला काढायचं आणि मेळघाटाकडून कोरकू मजूर यायचे, बायकापोरांसकट. नाल्याच्या काठी फांद्या आणि गवताच्या खोपटांचा डेरा पडायचा. तोड पुढे सरकली की डेराही सरकायचा. मामाजींच्या खात्याकडे औषध होतं भिंतीवर फवारायचं. जेवून जड झालेला डास भिंतीवर बसतो आणि तिथे मरतो, असा हिशेब. “पण भिंत पायजे ना!” मामाजी आमच्या ओट्यावर बसून कळवळून सांगायचे. “खोपटाले भिंतच नाई. फवारू कुठं? हवेवर?”

त्या डेऱ्यात सुकमाय नावाची एक बाई होती. माझ्याच वयाची, पोटुशी. आधीची दोन लेकरं तिच्या पोटातच तापानं गेली होती आणि या खेपेलाही तिला थंडी वाजून ताप येऊ लागला होता. मामाजींनी तिला पुऱ्या गोळ्या मोजून दिल्या. तरी ताप उतरेना. मग एका संध्याकाळी ते माझ्यापुढे येऊन उभे राहिले. हातात टोपी, असे कधी उभे राहत नसत. “सूनबाई, तुह्यी मच्छरदाणी दे. एका लेकराचा सवाल हाय.”

नाही म्हणावं तर माझ्या मनातली दयाळू नायिका आड यायची आणि हो म्हणावं तर पोपट आड यायचे. शेवटी मी म्हटलं, “देते. पण टांगायला मीच येणार.” त्यागाच्या वेळी आपण हजर नको का?

दुसऱ्या दिवशी बैलगाडीतून गेलो. उन्हं कलली होती. सागाची पानं एवढाली, वाऱ्यानं एकमेकांवर घासत होती, जणू सगळं जंगल हळू आवाजात काही बोलत होतं. चुलींचा निळा धूर झाडांच्या कमरेएवढ्या उंचीवर तरंगत थांबलेला. त्या धुरातून सुकमाय आली. बारीक, डोळे मोठे, पोट पुढे. मी तिला मच्छरदाणी कशी खोचायची, त्यावर चांगलं लांबलचक भाषण दिलं. तिला मराठी येत नव्हती. तिनं शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि झालरीवर बोट ठेवून विचारलं, “बैंगन?” मी म्हटलं, “तोता.” डेरा बराच वेळ हसत होता.

आठ-दहा दिवसांनी पुन्हा गेलो, तर सुकमायच्या खोपटात मच्छरदाणी नाही. ती भलत्याच खोपटात. मामाजींनी म्हाताऱ्या मुकादमाला गाठलं.

“अरे, तिच्यासाठी आणली व्हती ना?”

“है ना, बाबा. उसकी बारी परसों है. रोज एक झोपडी की बारी.”

“अन् गोळ्या?”

“कूट के पेज में डाली. सबने पी.”

“सबने? एका बाईच्या गोळ्या साऱ्या डेऱ्यानं?”

“डेरे में जो आया, सबका हुआ, बाबा. चूल्हा अलग, बाँटा एक.”

मामाजी असे तापले, की त्यांच्याच रक्ताचा थेंब घ्यावा असं मला वाटलं. “मंग ताप बी वाटूनच घेता काय?” ते ओरडले.

मुकादम जराही रागावला नाही. “वही तो होता है, बाबा,” तो म्हणाला.

 घरी परतताना वाटेत गुडघाभर पाण्याची चांगली तीन डबकी लागली, तिकडे मामाजींनी ढुंकूनही पाहिलं नाही. गाव जवळ आलं तेव्हा म्हणाले, “बरोबर बोलला तो. ताप साऱ्याईले वाटून येते, अन् मी गोळी एकटीलेच द्याले गेलो. अकलेनं कमी कोन? मीच ना!” आणि मग हसूच लागले. “वाटतात काय? ठीक हाय. वाटताच येनार नाई इतकी मोठी मच्छरदाणी शिवू.”

गोळ्यांचं सोपं झालं. मामाजींनी वरच्या साहेबांचा जीव खाऊन डबेच्या डबे आणले आणि डेऱ्यावर पंगत बसवली. लहानमोठे सगळे रांगेत. ज्याला त्याला त्याच्या मापाची पुरी मात्रा. आधी गोळी, मग गुळाचा खडा. मामाजी पंगतीत वाढप्यासारखे फिरायचे आणि प्रत्येकाला “आ कर” म्हणून घशात डोकावायचे. म्हातारा मुकादम गोळी गालात लपवायचा आणि गूळ आधी मागायचा.

मच्छरदाणीसाठी मात्र त्यांनी तालुका पिंजून काढला. लग्नात आहेराचं ताट आलं की मामाजी वरमाईच्या कानाला लागायचे, “तुमच्याइथं जुनी मच्छरदाणी असन काय?” मंगरूळच्या एका कापडवाल्या चाचींनी हिरव्या किनारीची दिली. “बेटी के जहेज की है,” त्या म्हणाल्या, “वो तो पंखा लगा के सोती है.” रिठदच्या एका फौजी पेन्शनरानं खाकी दिली. कुठून फाटकी मिळाली, कुठून मांडवाचं जाळीदार कापड. आमच्या माजघरात त्या सगळ्याचा ढीग पडला, आणि सासूबाईंच्या हातमशीनवर मी शिवायला बसले. गुलाबीला हिरवी जोडली, हिरवीला खाकी. शिवता शिवता कापड माझ्या मांडीवरून घरंगळत अंगणात जायचं. शेवटचा तुकडा जोडला तेव्हा मी कुठे बसलेय हेच कोणाला दिसेना, नवऱ्यानं दारातून हाक मारली, “अवं, आहेस काय आत?”

ती टांगली त्या संध्याकाळची आठवण माझ्यापाशी अजून आहे, पण ती खरी किती आणि स्वप्नातली किती, हे आता मला सांगता येणार नाही. चार सागांच्या मध्ये दोर बांधले. पोरांनी वर चढून ओढलं. आणि सुकल्या पानांच्या त्या तपकिरी जंगलात एक ढग उतरला. वाऱ्यानं फुगायचा, बसायचा, पुन्हा फुगायचा. जंगलच झोपेत श्वास घेत असल्यासारखं. आत डेऱ्यातली सगळी लेकरं, त्यांच्या मधोमध सुकमाय. चुलीचा उजेड जाळीवर पडला की आतल्या सावल्या हलायच्या. मामाजी बाहेरून फेऱ्या घालत काठ मातीला टेकलेत का ते बघत होते, आणि जाळीवर आपटून परत फिरणाऱ्या प्रत्येक डासाला म्हणत होते, “जा माय, जा. आज उपास.”

थंडीतच सुकमाय बाळंत झाली. मुलगी. काळीसावळी, मूठभर, पण आवाज साऱ्या जंगलाला पुरेल असा. मामाजींनी त्या दिवशी सायकल शाळेच्या पटांगणात घातली आणि वर्ग चालू असताना यजमानांना खिडकीतून ओरडून सांगितलं, “रडली! रडली!” पोरांना वाटलं, घरी भांडण झालं.

होळीला कोरकू आपल्या गावी जातात. त्याआधी निरोप द्यायला म्हणून मामाजींबरोबर मीही गेले. डेरा मोडला होता. चार सागांच्या मध्ये नुसतं आभाळ होतं, आणि खाली मुकादम ती मच्छरदाणी हातानं मोजून मोजून विळ्यानं कापत होता.

“अरे बाप्पा!” मामाजी धावले. “हे काय करून राह्यले?”

“बाँटा, बाबा,” मुकादम म्हणाला. “अब सब अपने अपने गाँव जाएँगे. किस की रहेगी? सब की है.”

ती जोडताना माझ्या बोटांची सुईनं चाळण झाली होती. मी तोंड उघडणार होते. पण मामाजी एका सागाच्या खुंटावर बसले होते आणि त्यांचे खांदे हलत होते. ते हसत होते. हसता हसता डोळे पुसत होते. मुकादमानं सगळ्यांचे वाटे दिले. मग आणखी दोन तुकडे उचलून आमच्यापुढे धरले. “ये तुम्हारा. ये बहू का.” मामाजींनी आपला तुकडा दोन्ही हातांनी घेतला, जरा वेळ तसाच धरला आणि घडी करून शर्टाच्या आत, छातीशी ठेवला.

मग ते लोक निघाले. बायांच्या पाठीला झोळ्या, झोळीत लेकरं, आणि प्रत्येक झोळीवर ज्याच्या त्याच्या वाट्याची जाळी. सुकमायच्या झोळीवर गुलाबी झालर आली होती, तिच्या आवडत्या वांग्यांसकट. मामाजी सायकल तिथेच टाकून वळणापर्यंत त्यांच्याबरोबर चालत गेले. चालता चालता हिची जाळी सारखी कर, तिची खाली ओढ. धूळ बसेपर्यंत ते वळणावर उभे होते. परत आले तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाले, “आता ताप आला त कोणाले सांगतीन हे लोकं?”

मी त्यांची पडलेली सायकल उचलून त्यांच्या हातात दिली. 

पुढच्या थंडीत डेरे आले, पण तो डेरा आला नाही. मामाजी जिवंत होते तोवर प्रत्येक कोरकू मुकादमाला विचारायचे, “सुकमायची पोरगी कशी हाय?” बहुतेकांना सुकमाय कोण हेच माहीत नसायचं. एकदा एक जण म्हणाला, “अच्छी है, बाबा.” त्याला ठाऊक होतं, की म्हाताऱ्याचं मन राखायला म्हणाला, कोण जाणे. मामाजींनी त्याला गुळाची आख्खी ढेप दिली.

माझ्या वाट्याचा तुकडा खाकीतला आला होता. तो माझ्या लेकीच्या पाळण्यावर होता, मग नातवाच्या. आता विरून गेलाय. दुपारी आडवी पडले की हल्ली डोळा लागतो. तेव्हा कधी कधी डोंगरातली एक पायवाट दिसते, तिच्यावरून झोळ्या चाललेल्या असतात, प्रत्येकीवर ढगाचा एक एक तुकडा. मला वाटतं, हाक मारून विचारावं, की सुकमाय, त्यातली तू कोणती? पण आतलं लेकरू झोपलेलं असतं, म्हणून मी गप्पच राहते.