वाघदेव, पॅकेजमध्ये

सिल्वासाजवळ वासोण्याच्या रस्त्याला सिंहांचं उद्यान मागे टाकलं की डाव्या हाताला इटली लागते. लाल कौलं, हळदीच्या रंगाच्या भिंती, कमानी. तिकडची उंच निमुळती झाडं इथे तग धरत नाहीत, म्हणून त्यांच्या जागी खोटा अशोक. कुंडीत एक ऑलिव्ह आहे. त्याला आजवर फळ धरलेलं नाही, तरी पाहुणे फोटो त्याच्याशेजारीच काढतात.

माझे वडील या इटालियन थाटाच्या, पाहुण्यांना भाड्यानं देण्याच्या व्हिलाचे केअरटेकर. त्यांना आम्ही आबा म्हणतो. धुळ्याकडून आले, सिल्वासाच्या सूत कंपनीत कंत्राटावर राबले, कंपनीनं काढल्यावर इथे लागले. राहायला मागच्या अंगाची खोली मिळाली, म्हणजे नोकरी गेली तर छप्परही गेलं. पाहुणे आले की आबांनी गवती हॅट घालायची, थंड सरबत पुढे करायचं आणि स्वागताचा एक इटालियन शब्द म्हणायचा. आबा तो म्हणायचे तेव्हा अस्सल अहिराणी वाटायचा.

मी कंत्राटी कामगारांसाठी पत्रकं लिहिते आणि शनिवार-रविवार पाहुण्यांच्या बॅगा उचलते. यात ज्यांना विसंगती दिसते त्यांनी एकदा बॅगा उचलून बघाव्यात.

तर या इटलीत, पोहण्याच्या तलावाच्या काठाला, शेजारच्या आदिवासी पाड्याचा वाघदेव आहे. शेंदूर फासलेला दगड, त्यावर वाघ आणि चांद-सूर्य कोरलेले. इटली आली काल-परवा, देव आधीपासूनचा. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते, तेव्हा सगळा पाडा इथे जमतो, पूजा होते, जेवण तिथेच रांधून तिथेच संपवतात. व्हिलाचे मालक शेठ मुंबईचे. त्यांनी भोवती भिंत घातली तेव्हा दगड हलवला नाही. त्याच्यावर खालून दिवा सोडला. म्हणाले, छान रस्टिक दिसतं.

भिंतीनंतरची पहिली वाघबारस आली आणि शेठचा मुंबईहून फोन आला. व्हिला फुल आहे, गेट उघडायचं नाही. उघडलं तर आबांच्या जागी दुसरा माणूस बघतो.

मी त्याच दिवशी पत्रक लिहिलं. 'देवाला कुलूप घालणाऱ्यांनो, उत्तर द्या.' अक्षरं जाड केली. पाड्यातल्या भगतानं, म्हणजे पूजा करणाऱ्या म्हाताऱ्यानं, ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "हे शेठला वाचून कोण दाखवणार?"

"शेठला वाचता येतं."

"मग त्याला ठाऊकच हाय की."

आबा वेगळ्याच काळजीत. "तू घोषणा देशील, निघून जाशील. गेटवर मी उभा राहतो ना."

वाघबारशीच्या दुपारी गाड्या आल्या. पुण्याचं एक कुटुंब, सुरतेचे काही मित्र. सुरतवाल्यांनी बियर कुठे गार होते ते आधी विचारलं. त्यांच्या राज्यात दारूबंदी आहे, आमच्याकडे नाही, आमचं निसर्गसौंदर्य बरंचसं यात येतं. आबा हॅट घालून सरबत वाटत होते, तेवढ्यात पाडा गेटपाशी येऊन थांबला. पुढे भगत, हातात नारळ, काखेत कोंबडा. नुसते उभे. मी खिशातल्या पत्रकाला हात घातला.

पुण्याच्या बाईंनी गॉगल वर केला. "हे काय आहे, काका?"

आबांनी गेटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर मुकादमापुढे 'हो साहेब' म्हणत आलेला माणूस.

"पॅकेजमध्ये आहे मॅडम," ते म्हणाले. "इन्क्लुडेड."

आणि त्यांनी गेट उघडलं.

पूजा झाली. सकाळीच जाळीच्या बसमधून सिंह पाहून आलेले पाहुणे दगडाच्या वाघापासून मात्र चार हात लांब उभे राहिले. बाईंनी प्रसादाला व्हेज ऑप्शन आहे का विचारलं, भगतानं खोबरं दिलं. माझं पत्रक खिशातच राहिलं. वाटायला वेळच मिळाला नाही, कारण मी पत्रावळी वाटत होते.

पाहुण्यांनी नेटवर पाच तारे दिले. शेठचा फोन आला, आवाजात लोणी. पुढच्या वर्षापासून गेट जरूर उघडायचं. मात्र शिस्तीत, चहाच्या वेळेला, आणि गावकऱ्यांना मनगटात पट्टे घालून.

म्हणून यंदा पट्टे आले. नारिंगी, त्यावर छापलेलं 'कलाकार'. ज्यांच्या देवाच्या अंगणात ही इटली बसली, ते तिच्यात कलाकार म्हणून शिरणार. पाडा मोठा, पट्टे मूठभर. मी भगताला म्हटलं, बहिष्कार टाकू, रस्त्यावर बसू. तो पट्टा दातानं आवळत म्हणाला, "देव आत हाय, पोरी. रस्त्यावर काय करू?"

या प्रश्नाचा राग मला शेठच्या रागापेक्षा फार कमी येतो असं नाही.

गेटवर शेठनं पाठवलेला नवा सिक्युरिटीवाला. माझ्या उद्योगांची खबर मुंबईला पोचली होती, त्यामुळे बॅगांचं कामही बंद. "आप गेस्ट हो या आर्टिस्ट?" त्यानं विचारलं. तिसरा रकाना नव्हता.

"ती आमची," भगत मागून म्हणाला. "अस्वल हाय."

वाघबारशीला एक जण वाघ होतो, एक जण अस्वल. बाकीचे त्यांना पिटाळत हद्दीबाहेर घालवतात, म्हणजे वर्षभर गुरांना धोका नाही. अस्वल होणारा गडी कंपनीत शिफ्टला अडकला होता, सुट्टी नाकारलेली. त्या सुट्टीसाठीही मी पत्रक काढलं होतं. त्याचा पट्टा उरला, तो माझ्या मनगटात आला. अंगावर घोंगडी टाकली.

बाया आणि लेकरं गेटाबाहेर, पट्ट्यावाचून. आत पाहुणे चहा घेत खुर्च्यांवर. आबा हॅट घालून बिस्किटं फिरवत होते. माझ्यापुढे आले तेव्हा पुटपुटले, "नीट गुरगुर. माझी नोकरी आहे."

मी गुरगुरले. टाळ्या पडल्या. पाहुण्यांतल्या एका सुरतवाल्यानं जोरात करायला सांगितलं, मग मी त्याच्याकडे बघूनच केलं, आणि त्याची खुर्ची मागे सरकली.

पूजा झाली तसा भगतानं हाकारा दिला. पट्टेवाले आमच्या मागे लागले. वाघ पुढे, मी मागे, तलावाला वळसा घालून ऑलिव्हची कुंडी चुकवत थेट गेटाकडे. अस्वलाला हद्दीबाहेर घालवल्याशिवाय कार्य पुरं होत नाही, आणि हद्द गेटाबाहेर होती. आबा बिस्किटांसकट ओरडले, "अरे उघड, दोन्ही फळ्या उघड." सिक्युरिटीवाल्यानं उघडल्या.

वाघ आणि मी बाहेर पडलो, पट्टेवाले गेटातूनच मागे फिरले, आणि बाया-लेकरं आमच्या दोन्ही बाजूंनी आत शिरली. हातात नारळ, फुलं, पेटत्या उदबत्त्या. सिक्युरिटीवाला स्वतःचं मनगट दाखवत "बँड, बँड" म्हणत राहिला. एका आजीनं त्याच्याही कपाळाला शेंदूर लावला आणि पुढे गेली.

मी रस्त्याकडेला घोंगडीत धापा टाकत बसले होते. आता वाघ आणि मी बाहेर होतो आणि जवळजवळ सगळा पाडा आत. आबांनी हॅट काढून बगलेत मारली होती. गेटाची एक फळी त्यांनी पाठीनं दाबून धरली होती, आणि सिक्युरिटीवाला शेठचा नंबर लावत असताना ते त्याला समजावत होते की थोडं थांब, अजून मागे म्हातारी माणसं येतात.