डाग गेले, आग राहिली

मुरुडच्या आमच्या डॉक्टरने मला फसवलं. नागिणीवरची गोळी त्याच्या दवाखान्यात होती आणि त्याने ती मला दिली नाही.

अशी गोळी असते हे मला कळलं मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात, मज्जातंतूंच्या डॉक्टरीणबाईंसमोर. ‘पोस्ट-हर्पेटिक न्युराल्जिया,’ त्या म्हणाल्या. म्हणजे नागीण निघून जाते, फोड वाळतात, पण तिने पोळलेली नस शांत होत नाही. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू नसेच्या मुळाशी झोपून राहतो आणि उतारवयात उठतो, तीच नागीण.

“पहिल्या तीन दिवसांत कुठली गोळी घेतलीत?” त्यांनी विचारलं.

“गेरू लावला,” मी म्हटलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

आमच्याकडे गेरूच लावतात. नागिणीचं तोंड आणि शेपूट कमरेभोवती जुळलं तर माणूस जातो, असं आम्ही ऐकत आलोय. म्हणून जाणती बाई फोडांच्या दोन्ही टोकांना गेरूची रेघ ओढून तिला बांधते.

माझ्या आईला नागीण झाली तेव्हा मी शाळेत होते. आमच्या खळ्यात बांबूच्या वलांडीवर बोंबील टांगलेले, वारा आला की ते एकमेकांवर वाजायचे. आई उन्हाकडे पाठ करून बसली होती. शेजारची धुरपीमावशी काडीने रेघ ओढत होती आणि गेरूची वाटी माझ्या हातात होती. “हलू नको गो बाय, पळंल ती!” मावशी ओरडली. आई हसली, रेघ वाकडी झाली, मावशीने तिला शिवी हासडली. पंधरवड्यात आई पुन्हा टोपली घेऊन बाजारात. ओल्या गेरूचा आणि सुकत्या मासळीचा तो वास आजही मला औषधासारखा वाटतो.

पुढे आईची टोपली मी घेतली, टोपलीचं दुकान केलं. माझे सुक्या कोळंबीचे सोडे मुंबईच्या खाणावळीत जातात. भाव करायला माझ्यासमोर कोणी लवकर उभा राहत नाही.

हा डॉक्टर इथे नवा आला तेव्हा त्याच्याकडे कुत्रं फिरकत नव्हतं. त्याला खोली मी बघून दिली. पहिले पेशंट आमच्याच कोळीवाड्यातून मी हाताला धरून नेले. पहिलं पापलेट त्याच्या घरी, मग गिऱ्हाइकाला. त्याची बायको मला वहिनी म्हणायची. चांगले दिवस होते ते.

म्हणून डाव्या बरगडीखाली आग उठली, बारीक फोडांची रांग दिसली, तशी मी आधी त्याच्याकडेच गेले. त्याने बघितलं. “नागीण आहे वहिनी. मावशीकडून बांधून घ्या आधी.” ताकदीचं इंजेक्शन दिलं आणि पाठवलं.

धुरपीमावशी आता पार थकलीय. तरी तिने रेघ ओढली. तिच्यावर माझा राग नाही. तिला जे येत होतं ते तिने सगळं केलं.

फोड वाळले, आग राहिली. पदर लागला तरी कोणी सुईने खरवडल्यासारखं होई. पोलक्याऐवजी मुलाचा जुना सदरा घालून, तोही अंगापासून धरून, मी दुकानात बसू लागले. मुलगा दिनेश म्हणाला, “आई, डाग तर गेले. आता कसलं दुखतंय?” गिऱ्हाइकं कुजबुजायला लागली की हिला कामाचा कंटाळा आलाय. मी, आणि कंटाळा! दुखण्यापेक्षा ते जास्त लागलं.

मग डावा पाय लटपटू लागला, तेव्हा मुंबई गाठली. विषाणू मज्जारज्जूपर्यंत पोचला का, हे बघायला ‘लंबर पंक्चर’ ठरलं. म्हणजे कमरेच्या मणक्यांमधून सुई घालून मज्जारज्जूभोवतीचं पाणी काढायचं. एका कुशीवर, गुडघे छातीशी घेऊन निजायचं. जन्मभर कोळंबी सुकवली, त्या दिवशी मीच कोळंबी झाले. घाबरू नका, बधिर करतात. मला नुसता दाब जाणवला. नंतर डोकं दुखलं, पडून राहिल्यावर थांबलं.

आधी डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, “थोडं पाणी आमच्या अभ्यासाला जास्त घेऊ का? या पाण्यात नाना तऱ्हेची प्रोटीनं असतात. दुखणं मागे राहतं त्यांच्यात कुठली बदलतात, ते शोधतोय.”

“मला काय मिळणार?”

“काही नाही.”

“नवं औषध निघालं तर ते तरी मला आधी?”

“नाही. तुम्हाला बहुतेक काहीच उपयोग नाही.”

“मग निम्मंच घ्या.”

त्या हसल्या. “निम्म्यात भागत नाही हो.”

सौदा करताना तोंडावर ‘काही नाही’ सांगणारं माणूस मी पहिल्यांदा बघितलं. म्हटलं, घ्या सगळं.

अहवाल आला. विषाणू नव्हता, प्रोटीन वाढलेलं होतं. “नसेच्या मुळाशी सूज आहे, तिची ही खूण,” बाई म्हणाल्या. “दुखणं किती टिकेल ते यावरून आज सांगता येत नाही. पण दुखणं खरं आहे.” दिनेश शेजारीच उभा होता. त्याने मान खाली घातली. बाहेर आल्यावर माझी पिशवी त्याने स्वतःहून घेतली.

आता नसेची गोळी रात्री, बधिर करणारी पट्टी दिवसा. आग निम्म्यावर आलीय, पायही सावरला. पोलकं अजून नाही. तुमच्या अंगावर एका बाजूला फोडांची रांग दिसली तर त्याच दिवशी गोळी मागा, आणि पन्नाशी उलटली असेल तर लशीचं विचारा. गेरू मागाहून खुशाल लावा.

परत आल्यावर मी दवाखान्यात गेले. “गोळी होती ना तुमच्याकडे?”

“होती.” तो खालच्या आवाजात बोलला. “वहिनी, गोळी दिली तरी तुम्ही लोक मावशीकडेच जाता. मग काही बिघडलं की गोळीने बिघडलं म्हणता. मी कशाला वाईटपणा घेऊ?” आणि बोलत बोलतच मला बाहेर पायरीपर्यंत घेऊन आला.

गोळीने सगळं टळलंच असतं, अशी हमी डॉक्टरीणबाईही देत नाहीत. मी हमी मागतच नाही. डॉक्टर, तुमच्या आईला नागीण उठली असती तर तिला काय दिलं असतंत, गोळी की गेरू? उत्तर मला पायरीवर कुजबुजून नको. आत, बाकावर पेशंट बसलेले असताना, मोठ्याने द्या.