डावी त्याची, उजवी तिची
आमच्या वहिनीच्या हातात कात्री असते आणि तोंडातही. गल्लीतल्या अर्ध्या लोकांचे कपडे तिने शिवलेत आणि उरलेल्या अर्ध्यांना ‘वेळ नाही’ म्हणून परत पाठवलंय. अशा बाईला जुळं झालं. मुलगा दांडगा, मुलगी चिमणीएवढी. दोघांच्या जन्मात जेमतेम चहा उकळेल एवढं अंतर, तरी आम्ही त्यांना मोठा आणि धाकटी म्हणायला लागलो.

दोघांनाही अंगावरच पाजणार, हे वहिनीने दवाखान्यातून आल्या आल्या जाहीर केलं. त्यात शिवणाची शिस्त आलीच. डाव्या बाहीचा तुकडा उजवीकडे लावला की कपडा वाया जातो, म्हणून तिने पोरांच्याही बाजू ठरवून टाकल्या. डावी मोठ्याची, उजवी धाकटीची. मशीनशेजारच्या कॉटवर ती बसायची, दोन बगलांखाली दोन उशा, उशांवर दोन पोरं, त्यांचे पाय मागे भिंतीकडे. पोरं उचलून द्यायचं काम दादाचं. घरातल्याच तिच्या दुकानात तो इस्त्री करतो आणि कपडा जळला नाही तरी बोलणी खातो, त्यामुळे त्याला हे काम जड गेलं नाही.

मोठा पिऊन ढाराढूर झोपायचा. धाकटी पिऊन झालं तरी रडायची. वहिनी म्हणे, आत्यावर, म्हणजे माझ्यावर गेलीय, कशातच समाधान नाही. मी गप्प बसले, कारण मला तिच्याकडून ड्रेस शिवून घ्यायचा होता.

मग दवाखान्यात नर्सबाईंनी दोघांना तराजूवर ठेवलं. धाकटीचं वजन होतं तिथेच अडकलं होतं. पुढच्या सोमवारपर्यंत वाढलं नाही तर वरचं दूध सुरू करा, असं त्या म्हणाल्या. घरी आल्यावर वहिनी मशीनकडे न बघता सरळ आत गेली. स्वयंपाकघरात मला एकटीला गाठून तिने विचारलं, “मोठ्याला पुरतं, मग हिला का पुरत नाही गं? माझंच काही चुकतंय का?” मला फार वाईट वाटलं.

दोन दिवसांनी भर दुपारी एक गिऱ्हाईक दारात आलं, पॅन्ट आखूड झाली म्हणून. वहिनी अंगावर चादर ओढून, दाराकडे तोंड करून, कॉटवरूनच त्याच्याशी वाद घालत होती. दादाचं सगळं लक्ष त्या वादाकडे, त्या गडबडीत त्याने न बघताच पोरांच्या बाजूंची अदलाबदल केली. दोघांच्या अंगात एकाच उरलेल्या कापडाची झबली, बिचारा काय करणार.

थोड्याच वेळात चादरीखालून बोंब उठली. “झाल्या सुरू बाईसाहेब,” म्हणत वहिनीने चादर उचलली. उजवीकडे बोंबलत होता तो मोठा. डावीकडे धाकटी गटागटा पीत होती. दूध तिच्या ओठांतून गळ्यापर्यंत ओघळलं होतं.

दादा ‘चुकलं’ म्हणून आधीच मोकळा झाला. वहिनीने त्याच्याकडे पाहिलंही नाही. उजवीकडे दूध कमी उतरत होतं आणि तिने शिस्तीत रोज तीच बाजू धाकटीला दिली होती, हे तिच्या लक्षात आलं. ती गिऱ्हाइकाला हळूच म्हणाली, “पॅन्ट ठेवून जा. माझीच चूक असेल.” हे वाक्य तिच्या तोंडून आमच्या घरात कुणी कधी ऐकलं नव्हतं.

तेव्हापासून दर वेळी बाजू बदलायची असं ठरलं. सोमवारी तराजूचा काटा पुढे सरकला. वरच्या दुधाची गरज नाही, असं नर्सबाई म्हणाल्या. दादा मोठ्याला घेऊन बाहेर निघालासुद्धा. वहिनी मात्र धाकटीला छातीशी धरून तराजूपाशीच उभी राहिली.

“तू रोज सांगत होतीस गं,” ती म्हणाली. “मीच ऐकत नव्हते.”