घाटातली अंगाई

पेठच्या सावळेराम आबांना बैल शांत करता येतो, हे पंचक्रोशीत कुणी नाकारलं नसतं. बैलगाड्यांच्या शर्यतीच्या घाटात, म्हणजे गाडे पळवायच्या चढावर, आपल्या पाळीची बारी सुटण्याआधी भोंगे, हलग्या आणि माणसांचा कल्ला यांनी भलेभले बैल बिथरत. मग कुणीतरी ओरडे, "आबांना बोलवा!" आबा येत, बैलाच्या गळ्याखालची पोळी हळूहळू चोळत आणि त्याच्या कानाशी घुमत, "हां रं राजा... हो ऽऽ हो ऽऽ." गाड्याला जुंपेपर्यंत बैल मान खाली घालून उभा राही.

आता गोठा रिकामा होता आणि घरात सहा महिन्यांची नात होती, समृद्धी. तिची आई सोनल नारायणगावच्या एका दवाखान्यात नर्स होती. तिची रजा सोमवारी संपत होती. सासूबाई हयात नव्हत्या, नवरा भरत दिवसभर टोमॅटोच्या टेम्पोवर असे. पोर दुसऱ्या कुणाजवळ झोपली नाही तर नोकरी सोडायची, असं सोनलनं सांगून टाकलं होतं.

"तू खुशाल जा. मी निजवतो तिला," आबा म्हणाले.

"आबा, तुम्हाला अंगाई येते का?"

"एकबी न्हाई."

सोनलनं शेजारच्या साळुबाईंना बोलावलं. गावातल्या बारशांना पाळणा म्हणायचा मान त्यांचाच. त्यांनी झोळीला झोका देत गाण्यात चांदोबा आणला, चिमण्या आणल्या, मामाचा वाडाही आणला. समृद्धीनं त्यांच्याहून वरचा सूर लावला.

"द्या इकडं," आबा म्हणाले.

"तुमी? बाप्या माणसानं अंगाई म्हटली तर पोर हंबरायला लागंल!"

"लागू द्या. माझा एकबी बैल कधी रडला न्हाई."

आबांनी नातीला हातावर आडवं घेतलं आणि हनुवटीखाली बोट नेलं. तिथं बोटालाही जागा पुरेना, तेव्हा त्यांनी करंगळी घेतली. "हां रं राजा... हो ऽऽ हो ऽऽ."

समृद्धी रडायची थांबली. एवढा जाड आवाज येतो कुठून, म्हणून त्यांच्या छातीकडे टकमक बघत राहिली.

"आता भिर्रर्र म्हणू नका, न्हाईतर पळंल!" साळुबाई म्हणाल्या.

आबा हसले नाहीत. बारीआधी ते कधीच हसत नसत. थोड्या वेळानं पोरीच्या पापण्या मिटल्या.

सोमवारी सोनल कामावर गेली. दुपारी तिनं फोन केला, तर आबा कुजबुजले, "केव्हाच झोपली. तू हळू बोल."

रविवारी सोनल घरी होती. तिनं लेकीला झोळीत घातलं आणि आईकडून शिकलेली अंगाई सुरू केली. समृद्धी डोळे टक्क उघडे ठेवून ऐकत राहिली आणि मग भोकाड पसरून रडायला लागली.

"सोनल, तुझ्या पोरीला घाट मानवला गं!" कुंपणापलीकडून साळुबाई ओरडल्या.

सोनलचा चेहरा पडला. आबा ओसरीवरून उठून आले, पण त्यांनी पोरीला घेतलं नाही. सोनलनं तिला मांडीवर घेतलं, तसे ते सुनेशेजारी बसले.

"आवाज गळ्यातनं नको, पोटातनं काढ. करंगळी इथं ठेव."

"राजा कसं म्हणू? मुलगी आहे ती."

"मला चालतं, तिला चालतं. तुला काय अडचण?"

"हां रं राजा..."

"अशानं बैल उधळंल. पुन्हा."

सोनलला हसू आलं आणि हसताहसता आवाज आपोआप खाली उतरला. दोनदा तिनं नुसताच घुमवला. मग त्याच खालच्या सुरावर तिनं आईच्या अंगाईचे शब्द ठेवले. समृद्धीनं मोठी जांभई दिली.

"जमलं. जुंप आता," झोळीकडे बोट दाखवत आबा म्हणाले.

कुंपणापलीकडे साळुबाई तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. त्या हसत असतील असं सोनलला वाटलं. नीट पाहिलं तर पदराआड त्यांचे ओठ हलत होते: हो ऽऽ हो ऽऽ.