रिक्षा कुळगावात थांबली नाही

आई, त्या दुपारी मी निघाले तेव्हा रिया शाळेच्या गणवेशातच होती. शाळा सुटल्यावर तिला घरी नेलंच नाही. सासूबाई भिशीला गेलेल्या, तुझा जावई कंपनीत. बदलापूर पश्चिमेहून पूल ओलांडून रिक्षा कुळगावात आली आणि नेमकी आपल्या गल्लीच्या तोंडाशी ट्रॅफिकमध्ये अडकली. गच्चीवर तू वाळत घातलेल्या मिरच्या दिसत होत्या. इकडेच उतरायचं का, असं रिक्षावाल्याने विचारलं. मी म्हटलं, नाही, अंबरनाथ पूर्वेला चला.

त्याआधी तुझ्याकडे आले नव्हते असं नाही. दर वेळी तू पाठीला तेल लावलंस, सोड्याची खिचडी केलीस आणि म्हणालीस, "तो पीत नाही, बाहेर काही भानगड नाही. हात उचलतो तेवढाच." तेवढाच. संध्याकाळी बाबा आम्हाला स्कूटरवरून परत सोडायचे. तेही कोपऱ्यावर. सासरच्या दारापर्यंत ते कधी आले नाहीत.

अंबरनाथला बायकांसाठीचं मदत केंद्र होतं, एका दवाखान्याच्या वर, दोन खोल्यांचं. पत्ता सासरच्या शेजारणीने दिलेला. तिथल्या शैलाताईंनी आधी रियाला जेवायला बसवलं. मग माझ्याबरोबर सरकारी दवाखान्यात आल्या, मनगटाचा एक्स-रे निघेपर्यंत बाकावर बसून राहिल्या. हाड कधीतरी मोडून वाकडं जुळलं होतं. डॉक्टर म्हणाले, जुनं आहे. तुला आठवत असेल, तेव्हा तू शेक घ्यायला सांगितलं होतंस.

पुढे केंद्राने दोन्हीकडच्यांना बोलावलं. तुझा जावई इस्त्रीचा शर्ट घालून आला. बाबाही आले आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. माझ्या बाजूची खुर्ची रिकामी होती. बाबा म्हणाले, घरातली गोष्ट घरात मिटवू, तोवर पोरीला आणि नातीला मी कुळगावला नेतो. शैलाताई काही बोलायच्या आत रिया म्हणाली, "आजोबा, मी नाही येणार. तुम्ही आम्हाला परत पप्पांकडे सोडता."

बाबा चष्मा पुसत बसले. घरी येऊन त्यांनी हे तुला सांगितलं का, मला कधी कळलं नाही.

मग निवारागृह, कोर्ट, तारखा. आता आम्ही उल्हासनगरला एका खोलीत राहतो. मी जीन्सच्या कारखान्यात शिलाईला बसते. शेठ सिंधी, कारागीर यूपीचे, दिवसभर हिंदीच. रिया घरीसुद्धा "मम्मी, भूख लगी" म्हणते आणि मी मराठीत बोल म्हणून ओरडते. जाड कापड मशीनखाली सरकवताना मनगटात कळ येते. सुट्टीच्या दिवशी केंद्रात जाते, नवीन आलेल्या बाईशेजारी बसते. सगळ्या टिकत नाहीत. कोणाचा भाऊ न्यायला येतो, कोणाची आई. कोर्टात उभं राहणं जमतं गं, आईला नाही म्हणणं जमत नाही.

गेल्या महिन्यात माझ्या दारात आली ती आपलीच वहिनी. ओठ फुटलेला, कडेवर बाळ. तुझ्या घरातून आली होती, तुझ्या मुलाचा मार खाऊन. तिने सांगितलं, माझं नाव काढायचीही तुमच्या घरात बंदी होती, म्हणून पत्ता माझ्या सासरच्या त्या शेजारणीकडून मिळवला.

लगेच तुझा फोन. इतकी वर्षं माझा नंबर तुझ्याकडे होता, हे मला तेव्हा कळलं. मी कशी आहे ते तू विचारलं नाहीस. म्हणालीस, "तिला समजव बाई, तुझं ऐकेल. संसार मोडायला नको."

मी सांगितलं, ती येणार नाही. दादा न्यायला आला तर दार उघडणार नाही. तू रडलीस. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण फोन मीच ठेवला.

वहिनी अजून इथेच आहे. शैलाताईंनी वकील दिलाय. खोलीत पाय पसरायला जागा नाही, पाण्यावरून चाळीत भांडणं होतात, आणि तरी कामावरून परतताना मी आता घरी निघाले असंच म्हणते. कुळगावचं घर मात्र मला वेगळंच आठवतं. तू आत असताना बाबा स्वयंपाकघराचं दार आतून लावून घ्यायचे, आणि तू मला आधीच सांगून ठेवलेलं असायचंस, बाहेर बसून मोठ्याने पाढे म्हण, म्हणजे आतलं ऐकू येणार नाही.

तुला यायचं असेल तर ये, आई. तिला न्यायला नको. राहायला ये.